वन्संच्या भिंतीवरचा मार्श

रंगाचं दुकान चालवायचं आणि चष्मा मात्र लावायचा नाही, असा हट्ट शेठनी धरला होता. 'शेठ' असं त्यांना फक्त पेंटर लोक म्हणायचे. घरात ते 'अहो' होते आणि धाकट्या बहिणीसाठी 'दादा'. चष्मा लावला की आपण हुबेहूब आपल्या वडिलांसारखे दिसतो, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि वडिलांसारखं दिसायला त्यांची अजून तयारी नव्हती. त्यामुळे काउंटरमागे बसून ते पांढऱ्या बेसमध्ये नळीतून रंग पिळायचे तेव्हा नळीवरचं नाव वाचायच्या भानगडीत पडत नसत. हाताला जी लागेल ती नळी. हात बहुतेक वेळा बरोबर जायचा. चुकला की गिऱ्हाईक डबा परत आणून काउंटरवर आदळायचं, आणि तो डबा दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा.

त्या कोपऱ्याकडे नजर गेली की वहिनींच्या कपाळाला आठी पडायची. वहिनी म्हणजे शेठची बायको. पेंटर त्यांना वहिनी म्हणायचे म्हणून गिऱ्हाइकं म्हणायला लागली, आणि गिऱ्हाइकं म्हणतात म्हणून शेजारचा हार्डवेअरवाला, जो त्यांच्याहून चांगला वीसएक वर्षांनी मोठा होता, तोही म्हणायचा. दुकानाचा सगळा डोलारा त्याच सांभाळायच्या. माल त्या मागवायच्या, पेंटरांची तोंडं त्या गोड ठेवायच्या, आणि रंग कालवायचं काम तेवढं शेठकडे, कारण ते त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं आणि त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. कोपऱ्यात एकेक नमुना होता. गुलाबी व्हायला निघालेला आणि वाटेत विटकरी झालेला. धड पिवळा ना धड हिरवा. राखाडी तर इतक्या तऱ्हेचे, की राखेलासुद्धा प्रश्न पडावा यातली मी कोणती.

त्यात सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मोठी होती ती वन्संची बादली.

वन्सं म्हणजे शेठची ती धाकटी बहीण. वयाने धाकटी, आवाजाने थोरली. काही वर्षांपूर्वी त्यांना दिवाणखान्यासाठी सायीसारखा रंग हवा होता. बहिणीचं काम म्हणून शेठनी हौसेने बादली बनवायला घेतली आणि तितक्याच हौसेने शेजारची नळी उचलली. बादली घरी गेली, उघडली आणि त्याच पावली परत आली. मागोमाग वन्सं. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, हे बघून त्यांना आणखीच जोर चढला. झाकण काढून त्या म्हणाल्या, "दादा, हा रंग आहे? हा चिखल आहे चिखल! सख्ख्या बहिणीला चिखल विकतोस?" मग वहिनींकडे वळून, "आणि तू काय करत होतीस गं?" त्या दिवशी त्यांनी पलीकडच्या चौकातल्या दुकानातून साधा पांढरा नेला, आणि पुढे नात्यातली दोन माणसं जिथे जमतील तिथे ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. वहिनी ऐकून घेत. बादलीला मात्र त्यांनी कधी हलवलं नाही.

एके दिवशी दुकानात एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं. मुलगी म्हणाली, "आम्हाला बेडरूमसाठी ब्रीझसारखं काहीतरी हवंय."

वहिनींनी चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. "ब्रीझ कालच संपली हो. पुढच्या आठवड्यात गाडी येईल."

जोडपं माना डोलावून निघून गेलं. ते वळणाआड जायच्या आत शेजारचा हार्डवेअरवाला पोट धरून हसायला लागला. "वहिनी, ब्रीझ म्हणजे वाऱ्याची झुळूक. तिची गाडी कुठून मागवलीत?"

वहिनींना ते फार लागलं. चूक झाली म्हणून नव्हे. कंपन्यांच्या शेड कार्डांवर असली नावं ढिगाने असतात, आपण रोज ती कार्डं लोकांपुढे पसरतो आणि आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दुपारी इंग्रजी संभाषणाचा वर्ग भरायचा. दुपारी दुकानात तशाही माश्याच मारायच्या असत. वहिनींनी नाव घातलं.

वर्गाच्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, उंच, सडपातळ आणि शब्दांच्या बाबतीत सोनाराच्या काट्यासारख्या. जवळपास चालणारा शब्द त्यांना चालत नसे. सुरुवात त्यांनी हवामानापासून केली. म्हणाल्या, "दोन अनोळखी माणसं भेटली की हवेवर बोलतात, कारण हवेवरून भांडण होत नाही." पंखा कितीवर ठेवायचा यावरून आमच्याकडे रोज होतं, असं वहिनींच्या अगदी ओठावर आलं होतं.

"खिडकीबाहेर बघा आणि सांगा," बाई म्हणाल्या.

एक जण म्हणाला, "फॉग."

"समोरचं झाड दिसतंय?"

"दिसतंय, पण अंधूक."

"मग फॉग कसा? अंधूक का होईना, झाड दिसतंय तोवर तो मिस्ट. झाडच गायब झालं की फॉग. आणि कोरड्या धुळीने, धुराने सगळं मळकट दिसायला लागलं की त्याला म्हणायचं हेझ. आपण सगळ्याला धुकं म्हणून मोकळे होतो. इथे तसं चालणार नाही."

वहिनींचे डोळे खिडकीबाहेर होते, पण मन दुकानाच्या कोपऱ्यात जाऊन पोचलं होतं. एक राखाडी असा, की पलीकडचं दिसेलसं वाटावं. एक अगदी दाट. आणि एक मळकट. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना परीक्षेचं उत्तर आधीच घरी असल्यासारखं वाटलं.

वर्गातून त्या थेट कोपऱ्यात गेल्या. डब्यांवरची धूळ पुसली, झाकणं उघडून रंग ढवळले, पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर एकेक पट्टा ओढून ते डब्यांना बांधले आणि पांढऱ्या चिकटपट्टीवर जाड पेनने इंग्रजीत नावं लिहायला बसल्या. शेठ डोळे बारीक करून बघत होते.

"हे काय चाललंय?"

"इतके दिवस लोक यांना नावं ठेवत होते," वहिनी म्हणाल्या. "आता मी ठेवतेय."

पहिला डबा गेला तो दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. या डॉक्टरीणबाई वन्संच्याच इमारतीत, वन्संच्या समोरच्या दारात राहायच्या, आणि दोघींचं एकमेकींवर बारीक लक्ष असे. हाच राखाडी महिन्याभरापूर्वी त्यांना दाखवला होता तेव्हा "दवाखान्याच्या जिन्यासारखा आहे" म्हणून त्यांनी नाक मुरडलं होतं. आता चिठ्ठी वाचून त्यांनी डबा दोन्ही हातांनी उचलला. "मिस्ट! अय्या, हे आधी का नाही दाखवलंत?"

वहिनी म्हणाल्या, "आधी पडलं नव्हतं."

मग हा हा म्हणता कोपरा हलायला लागला. आकाशी होता होता फिस्कटलेला डबा ड्रिझल, म्हणजे रिमझिम, म्हणून गेला. गुठळ्या झालेल्या पांढऱ्याला वहिनींनी हेल म्हटलं, म्हणजे गारा, आणि एका हौशी गृहस्थाने तो छतासाठी मुद्दाम मागून नेला, कारण असा 'टेक्स्चरवाला' त्याला कुठेच मिळत नव्हता. पेंटरांनी कोपऱ्याचं नाव हवामान खातं ठेवलं. सकाळी आले की विचारायचे, "वहिनी, आज खात्याचा काय अंदाज?" वहिनी न हसता सांगायच्या, "सकाळी गोठलेला फ्रॉस्ट, दुपारनंतर सोसाट्याचा गेल. छत्री नको, ब्रश आणा."

वर्गात हवामान संपून जमीन आणि पाणी सुरू झालं. त्यात बाईंनी फळ्यावर एक शब्द लिहिला: मार्श. "पाणी साचून राहिलेली, गवताची, पाय रुतणारी जमीन."

वहिनींनी हात वर केला. "बाई, म्हणजे चिखल?"

"चिखल, पाणी, गवत, सगळं मिळून. पण पाय ठेवून बघायचाच असेल तुम्हाला, तर हो, चिखल."

संध्याकाळी वन्संच्या बादलीवर चिकटपट्टी चढली. यात लबाडी म्हणाल तर एवढीच, की वन्संनी जो शब्द चार माणसांत म्हटला होता तोच वहिनींनी इमानाने लिहून ठेवला. भाषा तेवढी बदलली.

खातं जोरात चाललं तसं वहिनींनी एक काम उरकून टाकलं. शेठना धरून चष्मेवाल्याकडे नेलं. शेठ जाताना ओढत गेले आणि येताना उड्या मारत आले. दुकानात येऊन नळ्यांचं कपाट उघडलं आणि थक्क होऊन म्हणाले, "अगं, यांच्यावर नावं लिहिलेली असतात!" त्या दिवसापासून त्यांचा एक थेंब चुकला नाही. सायीला साय, लिंबाला लिंबू. परत येणारे डबे बंद झाले आणि हवामान खात्यात नवीन हवामान यायचंही बंद झालं. शेवटी कोपऱ्यात एकटी मार्शची बादली उरली.

आणि नेमक्या तेव्हाच वन्सं आल्या.

आल्या त्या फणकाऱ्यातच. "वहिनी, त्या समोरचीला तू मिस्ट दिलास म्हणे. येता-जाता दार उघडं ठेवते, मला दिसावं म्हणून. पुढच्या रविवारी आमच्या इमारतीतल्या बायका माझ्याकडे जमणार आहेत. मला दिवाणखाना करून हवाय. असा रंग, की कुणाकडे नसेल. आणि नाव इंग्रजी पाहिजे."

"नवीन शेड कार्ड आलंय, बघता?"

"कार्डातलं कार्डात राहू दे. तुझ्या त्या कोपऱ्यात काय आहे?" असं म्हणत त्या कोपऱ्यात पोचल्यासुद्धा. बादलीपाशी वाकल्या, चिठ्ठी वाचली, पुठ्ठ्यावरचा पट्टा उजेडात धरला. वहिनी उगाचच काउंटर पुसायला लागल्या. शेठनी चष्मा काढून खिशात ठेवला, म्हणजे जे होईल ते नीट दिसायला नको.

"मार्श," वन्सं हळूच म्हणाल्या. "मार्श."

आता इथे वहिनींना खरंच वाटलं की सांगून टाकावं. सख्खी नणंद, झालं गेलं विसरावं. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. "वन्सं, तो राहू द्या. तुम्हाला आवडायचा नाही तो."

वन्सं ताठ झाल्या. "का? मला का नाही आवडणार? डॉक्टरीणबाईंना आवडतं, मला नाही आवडत?"

"तसं नाही हो. तो जरा... सगळ्यांना पेलत नाही."

"दादा, बादली गाडीत ठेवायला सांग."

शेठनी बायकोकडे बघितलं. वहिनींनी छताकडे बघितलं. बादली गाडीत गेली.

वन्संकडे काम करणारा पेंटर याच दुकानाचा जुना माणूस. रोज संध्याकाळी येऊन तो बातमी द्यायचा. पहिल्या दिवशी म्हणाला, "ताई खूश आहेत." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "तीन भिंती झाल्या, ताईंनी मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावून दाखवल्या." तिसऱ्या दिवशी डोक्याला हात लावून आला. "वहिनी, चौथी भिंत वरून निम्मी झाली आणि बादलीचा तळ लागला. खालची निम्मी राहिली. ताई म्हणतात, मार्श आणखी आणा."

वहिनींनी शेठकडे बघितलं. "बनवा."

"काय बनवा?"

"तेव्हा जे चुकलं होतं ते पुन्हा चुका."

शेठनी चष्मा काढला, बाह्या वर केल्या, बेसचा डबा पुढे ओढला आणि अंदाजाने नळी उचलली. झाली ती पांढरीशुभ्र, गोडगोजिरी साय. दुसरा डबा घेतला. पुन्हा साय. चष्म्याच्या या काही दिवसांत नळ्यांच्या जागा त्यांच्या हाताला अशा पाठ झाल्या होत्या की चुकायचं म्हटलं तरी चुकता येईना. वहिनींनी नळ्यांची जागा बदलली, तर त्यांनी वासावरून ओळखल्या. पेंटर म्हणाला, "शेठ, डोळे मिटून करा." डोळे मिटून तर सायीला अशी झळाळी आली की पेंटरने तो डबा आपल्या घरासाठी बाजूला ठेवला.

शेठ रडकुंडीला आले. "नाही जमत गं. चुकायलाही लक्ष ठिकाणावर नसावं लागतं."

"त्या दिवशी कुठे होतं तुमचं लक्ष?"

शेठ आठवायला लागले. "त्या दिवशी आपण भांडत होतो. आईच्या कपाटावरून."

सासूबाईंचं ते आरशाचं कपाट वन्सं घेऊन गेल्या होत्या, आणि हा विषय घरात काढायचा नाही असं दोघांनी न बोलता ठरवलेलं होतं. वहिनींनी पेंटरला चहा प्यायला बाहेर पाठवलं. पदर खोचला.

"मग काढू विषय?"

"काढ," शेठ बेसचा डबा ओढून म्हणाले. "रंगासाठी."

"आईंनी ते कपाट मला दिलं होतं."

"तुला म्हणाली होती फक्त. दिलं नव्हतं."

"अच्छा! म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"मी कुठे खोटं म्हटलं? मी म्हटलं, ताईसाहेबांना हवं होतं, देऊन टाकलं, विषय संपला."

"विषय संपला! मला एका शब्दाने विचारलंत? तुमच्या बहिणीने तोंड उघडलं की तुम्ही पाठीवर घेऊन पोचवायला तयार. मी बारा महिने इथे डबे उचलते, मला आरशात बघायला वेळ नसेल म्हणून आरसाही देऊन टाकलात!"

"आरसा, आरसा! आणून देतो तुला उद्या दुकानभर आरसे!" शेठचा आवाज चढला, कान लाल झाले, आणि बोलता बोलता त्यांचा हात कपाटात जाऊन कुठलीतरी नळी घेऊन आला, ती त्यांनी अशी पिळली की निम्मी डब्यात गेली. मग दुसरी. ढवळणीने डबा असा घुसळला की शिंतोडे काउंटरवर उडाले.

मग दोघं एकदम थांबले आणि डब्यात वाकून बघायला लागले.

साय नव्हती हे खरं. पण मार्शही नव्हता. काळपट, हिरवट, भिजलेल्या दगडावर असतं तसलं काहीतरी.

"हे काय झालं?" शेठ बारीक आवाजात म्हणाले.

वहिनींनी निरखून बघितलं. जमीन आणि पाणी या धड्यातला अगदी पुढचाच शब्द होता. "शेवाळं," त्या म्हणाल्या. "मॉस." आणि मग त्यांना हसू फुटलं ते आवरेना. शेठ आधी रागातच होते, पण बायकोच्या नाकावर उडालेला हिरवा ठिपका बघून त्यांचंही अवसान गळालं. पेंटर चहा पिऊन आला तेव्हा नवराबायको काउंटरला धरून हसत होती. भांडण पेंटरने बाहेर ऐकलंच होतं. आता हे बघून त्याने परत एक चहा घ्यायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतः डबा घेऊन वन्संकडे गेल्या. चौथ्या भिंतीची खालची निम्मी बाजू मॉसने रंगवून घेतली. वन्सं संशयाने बघत उभ्या.

"हे खाली वेगळं का?"

"मॉस आहे. मार्श असेल तिथे पायाशी मॉस असतो," वहिनी म्हणाल्या. "निसर्गातच तसं आहे."

वन्संनी दोन पावलं मागे जाऊन बघितलं. निसर्गाला त्यांची हरकत नसावी. "त्या समोरचीकडे एकच रंग आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

रविवारी वन्संनी वहिनींना मदतीला बोलावलं. दिवाणखाना बायकांनी भरला. वन्सं नव्या भिंतीला पाठ टेकून अशा बसल्या होत्या की बोलणाऱ्याची नजर भिंतीवर गेलीच पाहिजे. डॉक्टरीणबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून जरा फुरंगटल्या होत्या. वहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि थबकल्या. समोरच्या कोचावर वर्गाच्या बाई बसल्या होत्या.

"या तिसऱ्या मजल्यावर नवीन राहायला आल्यात," वन्संनी ओळख करून दिली. "इंग्रजी शिकवतात. म्हटलं, रंगाचं कौतुक करणारं एखादं माणूस हवंच." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "याला मार्श म्हणतात बरं का. परदेशी आहे."

"मार्श म्हणजे काय असतं हो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. विचारताना त्यांचा सूर गोड होता, पण इतका गोड की त्यात काहीतरी असणारच.

वन्सं क्षणभरही अडखळल्या नाहीत. "मार्श माहीत नाही? आम्ही थंड हवेच्या ठिकाणी गेलो होतो ना, तिथे हॉटेलच्या खिडकीतून रोज दिसायचा. उंचच उंच. सकाळी तर त्याचा असा सुगंध सुटायचा म्हणता!"

बाईंच्या हातातला कप ओठांपर्यंत जाता जाता थांबला. जवळपास चालणारा शब्दही ज्यांना चालत नसे, त्यांच्यापुढे हा उंचच उंच, सुगंधी मार्श उभा होता. त्यांनी वन्संकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, खालच्या मॉसकडे बघितलं, आणि मग सावकाश मान वळवून ट्रे धरलेल्या वहिनींकडे बघितलं. वहिनींना वाटलं, आता ही इमारत आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"नाव कुणी ठेवलं?" बाईंनी विचारलं.

"कंपनीनेच," वन्सं म्हणाल्या.

"हं," बाई म्हणाल्या. "माझ्या वर्गातल्या एक विद्यार्थिनी इथे आहेत. त्यांनाच विचारू या. मार्श म्हणजे काय? पूर्ण वाक्यात. इंग्रजीत."

ट्रे कुणीतरी हातातून घेतला. वहिनी उभ्या राहिल्या, उभ्याच होत्या पण आणखी उभ्या राहिल्या. खोटं बोलायचं नव्हतं, बाईंसमोर तर नाहीच. खरं बोलायचं तर वन्संची चार बायकांत शोभा. एका दमात त्यांना वर्गातलं पुस्तक आठवलं, त्यातलं चित्र आठवलं, आणि आजवर वर्गात जे कधी जमलं नव्हतं ते झालं. सरळ, न अडखळता वाक्यं बाहेर पडली.

"मार्श इज अ वेट लँड. वॉटर स्टेज देअर. अँड बर्ड्ज कम फ्रॉम व्हेरी फार."

बायका आ वासून बघत राहिल्या. वन्संना पहिलं दुसरं कळलं न कळलं, पण पक्षी कळले. "फार लांबून येतात पक्षी," त्यांनी डॉक्टरीणबाईंना समजावलं.

"उत्तर बरोबर," बाई म्हणाल्या. मग हनुवटीने भिंतीकडे खूण करून, "आणि शब्द इतका नेमका बसलेला मी क्वचित बघितलाय." त्यांनी चहाचा घोट घेतला. त्यांच्या कपात चहाला लाटा उठत होत्या, हे फक्त वहिनींना दिसलं.

बायका गेल्यावर वहिनी ओट्यापाशी कप विसळत होत्या. वन्सं आत आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"वेट म्हणजे ओलं ना गं?"

"हो."

"आणि लँड म्हणजे जमीन."

"हो."

"ओली जमीन." वन्सं ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. नळ वाहत होता. "वहिनी, ही ती बादली ना?"

वहिनींनी नळ बंद केला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तीच."

"मला वाटलंच. पेंटरने पहिला हात मारला तेव्हाच मनात आलं, हा रंग आपण कुठेतरी बघितलाय."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तोवर खालपासून वरपर्यंत सगळ्यांना मार्श सांगून झालं होतं." वन्संनी तोंड वाकडं केलं, आणि ते वाकडं तोंड सरळ होता होता हसण्यात गेलं. "उंचच उंच म्हटलं गं मी! सुगंध म्हटलं! त्या बाई मनात काय म्हणाल्या असतील!"

वहिनींनी ओल्या हाताने तोंड दाबलं, पण उपयोग झाला नाही. दोघी ओट्याला धरून अशा हसल्या की बाहेरून वन्संच्या यजमानांनी "काय फुटलं?" म्हणून विचारलं. हसून हसून डोळे पुसताना वन्सं म्हणाल्या, "खरं सांगू? रंग वाईट नाहीये. उगीच तेव्हा दादाला बोलले." कपाटाचं मात्र त्या काही बोलल्या नाहीत, आणि वहिनींनीही विचारलं नाही. एका दिवशी तेवढं पुरे होतं.

मग वन्संनी दाराकडे बघून आवाज खाली घेतला. "ऐक. जाताना ती समोरची मला काय म्हणाली माहितीये? तिला म्हणे बेडरूम करायचीय. मार्शपेक्षा भारी नाव हवंय. वहिनी, गटाराच्या पाण्याला काय म्हणतात गं इंग्रजीत?"

"अजून नाही झालं ते," वहिनी म्हणाल्या. "पर्यावरण आणि प्रदूषणाचा धडा पुढच्या आठवड्यात आहे."

"दुपारी किती वाजता?"

पुढच्या आठवड्यात वर्गात पहिल्या बाकावर एक नवीन विद्यार्थिनी येऊन बसली. नवं पेन, नवी वही, शेजारी वहिनी. बाईंनी तिच्याकडे बघून भुवई जरा वर केली आणि शिकवायला लागल्या. हवेतला धूर झाला, कचऱ्याचे ढीग झाले, आणि मग बाईंनी फळ्यावर लांबलचक, डौलदार शब्द लिहिला. "एफ्लुअंट. कारखान्यातून नदीत सोडतात ते घाण पाणी."

वहिनींनी बाकाखालून वन्संच्या पायाला पाय लावला. पण वन्संचा हात आधीच वर गेला होता.

"बोला," बाई म्हणाल्या.

"बाई," वन्संनी अगदी अभ्यासू चेहऱ्याने विचारलं, "याचा रंग साधारण कसा असतो?"